पूर्वदोषसिद्धीचा भार

अमेरिकेच्या फौजदारी कायद्यात गुन्ह्यांचे दोन मोठे वर्ग मानले जातात. खून, दरोडा, घरफोडी, मोठ्या रकमेची चोरी असे जे गुन्हे एक वर्षाहून अधिक कारावासास पात्र ठरतात त्यांना ‘फेलनी’ म्हणतात, आणि त्यांची शिक्षा सामान्यतः राज्याच्या कारागृहात भोगावी लागते. किरकोळ चोरी, साधी मारहाण, शांतताभंग असे ज्या गुन्ह्यांसाठी बहुतेक राज्यांत कमाल शिक्षा एका वर्षापलीकडे जात नाही ते ‘मिसडिमीनर’, आणि त्यांतील कैदी काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्यासारख्या स्थानिक घटकाच्या, तुरुंगात ठेवले जातात. ही विभागणी कागदावर स्वच्छ दिसते. परंतु ज्याच्या नावावर पूर्वी एखादी फेलनी सिद्ध झालेली आहे, असा माणूस पुढे किरकोळ आरोपाखाली न्यायालयासमोर आला की दोन्ही वर्गांमधली भिंत पातळ होते. अशा वेळी न्यायाधीश दंडावर किंवा देखरेखीखालील मुक्ततेवर प्रकरण न मिटवता कमाल शिक्षेकडे वळू शकतो, काही राज्यांत कायदाच कारावासाचा किमान काळ ठरवून देतो, आणि काही ठिकाणी तर किरकोळ गुन्ह्याचा वर्गच बदलून तो फेलनी ठरतो. जुनी शिक्षा भोगून संपलेली असते, तरीही ती नव्या शिक्षेचे माप ठरवते. ही प्रथा कशी घडत गेली, हे पाहू लागले की एक गोष्ट ठळकपणे जाणवते: पूर्वदोषसिद्धीचे, म्हणजे आधी सिद्ध झालेल्या गुन्ह्याचे, वजन नीतिविचारापेक्षा राज्यसंस्थेच्या स्मरणशक्तीप्रमाणे वाढत गेले, आणि त्या स्मरणाला विस्मरणाची मुदत घालून देण्याचे काम कायद्याने फार उशिरा आणि फार तुटपुंजे केले.

या प्रथेचे मूळ इंग्लंडच्या मध्ययुगीन कायद्यात आहे. तेथे फेलनी म्हणजे ज्या अपराधाने अपराध्याची जमीन आणि मालमत्ता जप्त होत असे आणि बहुधा फासही मिळत असे, असा अपराध. एवढ्या कठोर शिक्षेतून सुटण्याची एक वाट धर्मपीठाच्या अधिकारातून निघाली होती. धर्मगुरूंचा न्याय धर्मपीठाच्या न्यायालयातच व्हावा, या मागणीतून ‘पौरोहित्याची सवलत’ रूढ झाली, आणि पुढे ज्याला वाचता येते तो धर्मगुरूच, असे गृहीत धरले जाऊ लागल्याने साक्षर सामान्य माणूसही ती मागू लागला. वाचनाची परीक्षा म्हणून बहुधा बायबलमधील एकावन्नाव्या स्तोत्राचा आरंभ पुढे केला जाई. तो मान वाचवतो म्हणून लोक त्याला मानेचे वचन म्हणत, आणि निरक्षर आरोपीही तो पाठ करून येत. एकच माणूस ही सवलत पुन्हापुन्हा घेऊ शकतो, ही अडचण दूर करण्यासाठी १४८९ मध्ये सातव्या हेन्रीच्या राजवटीत कायदा झाला, की धर्मगुरू नसलेल्या माणसाला ही सवलत एकदाच मिळेल आणि ती दिल्यावर त्याच्या अंगठ्यावर तापलेल्या लोखंडाने अक्षर उठवले जाईल, खुनासाठी ‘एम’ आणि इतर फेलनींसाठी ‘टी’. दुसऱ्या खटल्यात आरोपीने हात वर केला की न्यायालयाला त्याचा इतिहास कळे.

हा डाग शिक्षा होता तसाच तो दफ्तरही होता, आणि त्याचे ऐतिहासिक महत्त्व या दुसऱ्या कार्यात आहे. ज्या काळात न्यायालयांच्या नोंदी गावोगावी विखुरलेल्या होत्या, माणसे नाव बदलून परगण्यातून परगण्यात जाऊ शकत होती आणि पोलीस नावाची संस्थाच अस्तित्वात नव्हती, त्या काळात पूर्वीचा गुन्हा सिद्ध करण्याचा खात्रीशीर मार्ग अपराध्याच्या अंगावरच लिहून ठेवणे हा होता. प्रथा इंग्लंडमधून अमेरिकी वसाहतींत गेली. १७७० मध्ये बॉस्टन येथे जमावावर गोळीबार केल्याच्या खटल्यात जॉन अ‍ॅडम्स यांनी ज्या ब्रिटिश शिपायांचा बचाव केला, त्यांपैकी दोघे सदोष मनुष्यवधाचे दोषी ठरले तेव्हा त्यांनी हीच सवलत मागितली आणि अंगठ्यावर डाग घेऊन ते सुटले. संघराज्याच्या गुन्ह्यांपुरती ही सवलत अमेरिकी काँग्रेसने १७९० मध्ये बंद केली. इंग्लंडमध्ये ती १८२७ मध्ये गेली.

किरकोळ अपराध पुनरावृत्तीमुळे मोठ्या वर्गात चढवण्याची कल्पनाही याच इंग्रजी परंपरेतली आहे. एलिझाबेथ राणीच्या काळातील १५७२ च्या भटक्यांविषयीच्या कायद्यान्वये मालक नसलेल्या, धंदा नसलेल्या, रस्त्यावर फिरणाऱ्या धडधाकट माणसाला पहिल्या वेळी फटके मारून त्याचा कान तापलेल्या लोखंडाने भोसकला जाई. दुसऱ्या वेळी तेच भटकणे फेलनी ठरे. आणि तिसऱ्या वेळी पौरोहित्याची सवलतही नाकारून देहान्त दिला जाई. कृत्य तिन्ही वेळा एकच, त्याने कोणाचे होणारे नुकसान तिन्ही वेळा सारखेच किंवा मुळीच नाही, तरी त्याचा वर्ग मात्र गणतीने बदलतो, ही रचना आजच्या कायद्यांच्या अभ्यासकाला ओळखीची वाटेल. या कायद्याचा रोख गरिबीकडे होता, हेही विसरता येत नाही. मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीने १६४८ च्या आपल्या कायदेसंग्रहात घरफोडीसाठी अशीच चढती पायरी ठेवली: प्रथम कपाळावर ‘बी’ अक्षराचा डाग, दुसऱ्यांदा पुन्हा डाग आणि जबर फटके, तिसऱ्यांदा ‘न सुधारणारा’ म्हणून मृत्यू. येथे शिक्षेचे कारण बदललेले आहे. तिसरी घरफोडी पहिलीपेक्षा भयंकर असते, असे कायदा म्हणत नाही. घरफोडी करणारा माणूस कोणत्या जातकुळीचा आहे, हे आता ठरले, असे तो म्हणतो.

स्वतंत्र अमेरिकेत डाग आणि फटके मागे पडून कारागृहे उभी राहिली, तेव्हा हीच पायरी वर्षांच्या हिशेबात मांडली गेली. मॅसॅच्युसेट्सने १८१७ मध्ये, पूर्वी कारागृहात राहून आलेल्या कैद्यास नव्या गुन्ह्याच्या शिक्षेखेरीज अधिकची शिक्षा देण्याची तरतूद केली, आणि १८२४ मध्ये ‘रॉस’ प्रकरणात तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. आक्षेप उघड होता आणि तो आजही तितकाच सबळ आहे: अमेरिकी राज्यघटनेची पाचवी दुरुस्ती एकाच गुन्ह्यासाठी कोणालाही दोनदा संकटात टाकण्यास मनाई करते, आणि जुन्या गुन्ह्यामुळे वाढलेली शिक्षा ही त्याच गुन्ह्याची दुसरी शिक्षा नव्हे काय? न्यायालयांनी यावर जे उत्तर तयार केले ते दोन शतके जवळजवळ जसेच्या तसे टिकले. शिक्षा नव्याच गुन्ह्याची आहे, फक्त पुनरावृत्तीमुळे तो गुन्हा अधिक गंभीर झाला आहे, आणि कायदा आधीच माहीत असलेल्या माणसाने तो केला आहे, असे ते उत्तर. याच तर्काने १९०१ मध्ये ‘मॅक्डोनाल्ड विरुद्ध मॅसॅच्युसेट्स’ या खटल्यात संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, दोनदा तीन किंवा अधिक वर्षांची शिक्षा झालेल्या माणसाला तिसऱ्या गुन्ह्यासाठी पंचवीस वर्षे देणारा १८८७ चा कायदा उचलून धरला. तर्क सुसंगत आहे, परंतु तो एक प्रश्न बाजूला सारतो: पुनरावृत्तीने गुन्हा गंभीर होतो हे मान्य केले, तरी किती गंभीर होतो, याचे माप कशावरून ठरवायचे? या प्रश्नाला न्यायालयांनी क्वचितच हात घातला.

अंगठ्यावरचा डाग गेल्यावर नोंदी आल्या, आणि नोंदींबरोबर ओळखीचा प्रश्न आला. इंग्लंडमधून ऑस्ट्रेलियात कैदी पाठवणे १८६८ मध्ये कायमचे थांबले, तेव्हा सुटलेले कैदी देशातच राहणार, या भीतीतून १८६९ मध्ये सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा झाला आणि शिक्षा झालेल्यांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. नोंदवही नावांच्या अनुक्रमाने होती आणि माणसे नावे बदलत. त्यामुळे खुणा, व्रण, गोंदण यांच्या वेगळ्या याद्या कराव्या लागल्या. पॅरिसमध्ये आल्फॉन्स बर्तियाँ याने डोक्याची लांबी-रुंदी, मधल्या बोटाची व पायाची लांबी अशा शरीरमापांवरून जुना कैदी ओळखण्याची पद्धत १८८० च्या दशकात बसवली. पण निर्णायक साधन भारतात, बंगाल इलाख्यात, तयार झाले. जंगीपूर येथे विल्यम हर्शेल यांनी १८५८ पासून करारनाम्यांवर हाताचे ठसे घेण्यास आरंभ केला होता. बंगालचे पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री आणि त्यांच्या हाताखालचे अझीझुल हक व हेमचंद्र बोस यांनी दहा बोटांच्या ठशांचे असे वर्गीकरण रचले, की हजारो पत्रकांतून एक पत्रक काही मिनिटांत शोधता यावे. १८९७ मध्ये कलकत्त्यास ठशांचे कार्यालय उभे राहिले, १९०१ मध्ये हेन्री लंडनच्या स्कॉटलंड यार्डात गेले, आणि १९०३ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या कारागृहांत ही पद्धत सुरू झाली. आज ठसे म्हटले की घटनास्थळी सापडलेला पुरावा डोळ्यांसमोर येतो. त्या काळी त्यांचे मुख्य काम दारात उभा असलेला माणूस पूर्वी येऊन गेलेला आहे किंवा नाही, हे सांगण्याचे होते.

बंगालमध्येच या साधनाची व्याप्ती लवकर दिसून आली. जलपैगुडी जिल्ह्यातील एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाच्या खुनाच्या तपासात पंचांगासारख्या पुस्तकावर उमटलेला ठसा त्याच्या जुन्या नोकराचा निघाला, आणि तो जुळला याचे कारण त्या नोकराला पूर्वी चोरीची शिक्षा झालेली असल्याने त्याचे पत्रक दफ्तरात होते. १८९८ च्या त्या खटल्यात न्यायालयाने त्याला खुनातून सोडले आणि चोरीसाठी दोषी धरले. हिंदुस्थानात अशा पूर्वदोषसिद्धीचा उपयोग करण्याची कायदेशीर चौकट तोवर तयारच होती. १८६० च्या दंडसंहितेचे कलम ७५ हे, नाणी व मालमत्ता यांविषयीच्या गंभीर गुन्ह्यांत एकदा शिक्षा झालेल्याला पुन्हा तशाच गुन्ह्यात वाढीव शिक्षा देण्याविषयीचे होते, आणि १८६४ च्या कायद्याने चोरीसारख्या गुन्ह्यांच्या पुनरावृत्तीला फटक्यांचीही जोड दिली होती. मुंबई इलाख्यात गुन्हेगार जमातींचा कायदा १९११ नंतर लागू झाला आणि सोलापूरसारख्या ठिकाणी वसाहती उभ्या राहिल्या, तेव्हा पूर्वदोषसिद्धीची कल्पना तिच्या शेवटच्या टोकाला पोचली: तेथे आधीचा गुन्हाही लागत नसे, जन्म पुरेसा होता. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, तरी त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांविषयीचे प्रांतिक कायदे आले आणि भटक्या-विमुक्तांच्या वाट्याला आलेला संशय त्यांतून पुढे चालू राहिला.

ओळख पटवण्याची साधने अपुरी असताना जुन्या गुन्ह्याचा भार चुकीच्या माणसावर पडला तर काय होते, याचे सर्वांत वेदनादायक उदाहरण लंडनचे अडॉल्फ बेक प्रकरण होय. १८७७ मध्ये ‘जॉन स्मिथ’ नावाने एका माणसाला स्त्रियांना फसवून दागिने लुबाडल्याबद्दल शिक्षा झाली होती. १८९६ मध्ये तशाच फसवणुकीच्या आरोपाखाली बेक याला उभे केले गेले, जुन्या प्रकरणातील पोलिसाने हाच तो स्मिथ असे सांगितले, आणि न्यायासनावर बसलेले फॉरेस्ट फुल्टन यांनी १८७७ चा खटला सरकारी बाजूने स्वतः चालवलेला असूनही, दोन माणसे वेगळी आहेत हे दाखवणारा बचावाचा पुरावा त्यांनी पुढे येऊ दिला नाही. बेकला सात वर्षांची शिक्षा झाली आणि कारागृहात स्मिथच्याच जुन्या क्रमांकाने त्याची नोंद केली गेली. १८९८ मध्ये स्मिथची सुंता झालेली होती आणि बेकची नाही, हे गृहखात्याच्या निदर्शनास आले. त्या खात्याने बेकच्या नावापुढची पूर्वदोषसिद्धीची खूण काढली, मात्र त्याला सोडले नाही. पुढे तो बाहेर आल्यावर १९०४ मध्ये त्याला पुन्हा दोषी ठरवण्यात आले आणि शिक्षा सुनावण्याआधीच खरा स्मिथ नव्या फसवणुकीत पकडला गेला, म्हणूनच बेक सुटला. या प्रकरणाच्या धक्क्याने १९०७ मध्ये इंग्लंडात फौजदारी अपिलांचे न्यायालय स्थापन झाले.

अशा चुकांच्या भीतीमुळेच पूर्वदोषसिद्धी ज्यूरीपुढे केव्हा आणावी, याविषयीचे नियम घडले. आधीची शिक्षा ऐकून पंच आताच्या आरोपाविषयी मन बनवतात, हे न्यायालयांना अनुभवाने माहीत होते. म्हणून इंग्लंडने १८३६ मध्ये, प्रथम नव्या आरोपाचा निर्णय व्हावा आणि नंतरच जुन्या दोषसिद्धीची चौकशी व्हावी, असा क्रम ठरवला, आणि भारतीय फौजदारी प्रक्रियेनेही तोच क्रम पत्करला. अमेरिकी राज्यांत पद्धती भिन्न राहिल्या. पश्चिम व्हर्जिनियात एका माणसाला तीन वेगवेगळ्या खटल्यांत, नावे बदलत गेल्याने, प्रत्येक वेळी नवखा समजून शिक्षा झाली होती. कारागृहातील अधिकाऱ्यांनी त्याला ओळखल्यावर वेगळी ज्यूरी बसवून फक्त एवढेच विचारले गेले, की हा तोच माणूस आहे काय, आणि उत्तर होकारार्थी येताच पाच वर्षांच्या जागी जन्मठेप झाली. ‘ग्रॅहॅम विरुद्ध पश्चिम व्हर्जिनिया’ या १९१२ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाला त्यात वावगे दिसले नाही. १९२४ मध्ये वॉशिंग्टनला संघराज्याचे ओळख-विभागाचे दफ्तर सुरू झाले, त्यात आरंभीच आठ लाखांहून अधिक ठसे-पत्रके एकत्र आली, आणि एका राज्यात भोगलेली शिक्षा दुसऱ्या राज्यात लपवणे अवघड झाले.

दफ्तर पूर्ण होताच कायदे कडक झाले, हा योगायोग मानता येत नाही. न्यूयॉर्कचे राज्य-सिनेटर कॅलेब बॉम्स यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९२६ च्या कायद्यांनी चौथ्या फेलनीला जन्मठेप अनिवार्य केली. न्यायाधीशाच्या हातात निवड उरली नाही. मिशिगनने लगेच तशीच तरतूद केली, आणि त्याच राज्यात दारूबंदीचा भंग हीही फेलनी होती. परिणामी १९२८ च्या अखेरीस लान्सिंग शहरात दहा मुलांची आई असलेल्या एका स्त्रीला, जिन नावाच्या दारूच्या अवघ्या दोन पाइंट विकल्याच्या चौथ्या दोषसिद्धीवर, जन्मठेप झाली. दोन पाइंट म्हणजे साधारण एक लिटर. या शिक्षेने देशभर संताप उसळला. गणतीवर चालणारा कायदा आपल्या हाती आलेल्या गुन्ह्याचे स्वरूप पाहत नाही, तो फक्त आकडा पाहतो, हे त्या प्रकरणाने सामान्य वाचकालाही कळले.

ओक्लाहोमा राज्य याही पुढे गेले. १९३५ च्या तेथील कायद्याने नैतिक अधःपाताच्या तीन फेलनी झालेल्या कैद्याची नसबंदी करण्याची तरतूद केली, कारण गुन्हेगारी वृत्ती रक्तातून उतरते, ही सुप्रजननवादाची समजूत त्या काळी विज्ञान म्हणून मानली जात होती. ज्या कैद्यावर हा आदेश निघाला, त्या जॅक स्किनरचा पहिला गुन्हा १९२६ मधील कोंबड्यांच्या चोरीचा होता. पुढचे दोन, १९२९ आणि १९३४ मधील, शस्त्र दाखवून केलेल्या लुटीचे. १९४२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा एकमताने रद्द केला. न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी कायद्यातील भेदभावावर बोट ठेवले: खुराड्यात शिरून कोंबड्या चोरणारा तिसऱ्यांदा सापडला तर त्याची नसबंदी होते, पण विश्वासाने सोपवलेल्या त्याच कोंबड्या हडप करणारा, म्हणजे अपहार करणारा, कितीही वेळा दोषी ठरला तरी सुरक्षित राहतो, कारण अपहाराचा गुन्हा कायद्याने वगळलेला आहे. कारकुनी पेशाचा गुन्हा आणि हातावर पोट असलेल्याचा गुन्हा यांत कायदा कोणता फरक करतो, हे या एका परिच्छेदाइतके स्पष्टपणे क्वचितच कोठे नोंदले गेले असेल. तरीही रद्द झाली ती नसबंदी. गणतीने शिक्षा वाढवण्याचे तत्त्व अबाधितच राहिले.

ते किती अबाधित होते, हे १९८० मधील ‘रमेल विरुद्ध एस्टेल’ या खटल्याने दाखवले. टेक्सासमधील विल्यम रमेल याने १९६४ मध्ये क्रेडिट कार्डाच्या गैरवापराने ८० डॉलर, १९६९ मध्ये बनावट धनादेशाने २८ डॉलर ३६ सेंट, आणि १९७३ मध्ये वातानुकूलन यंत्र दुरुस्त करण्याच्या खोट्या वचनावर १२० डॉलर ७५ सेंट मिळवले होते. तिन्ही मिळून २३० डॉलरांहून कमी रक्कम, कोठेही हिंसा नाही, आणि शिक्षा जन्मठेप. पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने ती कायम केली. तीन वर्षांनी दक्षिण डकोटातील अशाच एका खटल्यात, १०० डॉलरांच्या खोट्या धनादेशासाठी पॅरोलविना दिलेली जन्मठेप, तितक्याच निसटत्या बहुमताने रद्द झाली. पॅरोलची, म्हणजे अटींवर मुदतपूर्व सुटकेची, शक्यता हा या दोन निकालांतील मुख्य फरक ठरला. एवढ्या पातळ रेषेवर माणसाचे उर्वरित आयुष्य अवलंबून असावे, हे कोणत्याही न्यायव्यवस्थेला भूषणावह नाही.

टेक्सासच्या दंडसंहितेत याच धोरणाचे छोट्या गुन्ह्यांपुरते रूपही आढळते. तेथे ‘अ’ वर्गाच्या मिसडिमीनरसाठी एरवी कितीही थोड्या दिवसांचा तुरुंगवास देता येतो. परंतु आरोपीला पूर्वी कोणतीही फेलनी किंवा त्याच वर्गाचा मिसडिमीनर सिद्ध झालेला असेल, तर दिलेला तुरुंगवास ९० दिवसांपेक्षा कमी असता कामा नये, आणि ‘ब’ वर्गासाठी ही किमान मर्यादा ३० दिवसांची आहे. जन्मठेपेच्या कथांपुढे तीन महिने क्षुल्लक वाटतात. पण रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाच्या बाबतीत तीन महिन्यांत नोकरी जाते आणि घरभाडे थकते, आणि न्यायालयांसमोर रोज येणारी बहुसंख्य माणसे याच पातळीवरची असतात. इतिहासलेखनाने या मधल्या पायरीकडे फारसे लक्ष दिलेले नाही.

कॅलिफोर्नियात दोन्ही पायऱ्या एकमेकींत मिसळल्या. तेथील दंडसंहितेच्या कलम ६६६ नुसार, पूर्वी चोरीसारख्या गुन्ह्यात तुरुंगवास भोगलेल्याने पुन्हा किरकोळ चोरी केली, तर ती फेलनी म्हणूनही चालवता येई. दोन्ही वर्गांत बसू शकणाऱ्या अशा गुन्ह्याला तेथील वकील ‘वॉबलर’ म्हणजे डळमळणारा गुन्हा म्हणतात, आणि तो कोणत्या बाजूला झुकवायचा, हे प्रथम सरकारी वकील व नंतर न्यायाधीश ठरवतात. १९९२ मध्ये फ्रेस्नो येथे किंबर रेनॉल्ड्स या तरुणीची हत्या झाली आणि १९९३ मध्ये पेटालुमा येथून पॉली क्लास या बारा वर्षांच्या मुलीला पळवून नेऊन मारण्यात आले. दोन्ही घटनांतील गुन्हेगार पूर्वी शिक्षा भोगून आलेले होते. लोकांचा क्षोभ समजण्याजोगा होता. ७ मार्च १९९४ रोजी गव्हर्नर पीट विल्सन यांनी जो कायदा संमत केला, त्यानुसार पूर्वी दोन गंभीर किंवा हिंसक फेलनी असलेल्याने तिसरी कोणतीही फेलनी केली तर किमान पंचवीस वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा ठरली, आणि त्याच वर्षी मतदारांनी सुमारे ७२ टक्के मतांनी त्यावर शिक्कामोर्तब केले. बेसबॉलमध्ये तीन वेळा चुकलेला फलंदाज बाद होतो, त्यावरून कायद्याला ‘थ्री स्ट्राइक्स’ हे नाव मिळाले. अडचण ‘कोणतीही’ या शब्दात होती, कारण कलम ६६६ मुळे किरकोळ चोरीही त्यात बसत होती.

लिआंद्रो आंद्रादे याने नोव्हेंबर १९९५ मध्ये, दोन आठवड्यांच्या अंतराने, एकाच कंपनीच्या दोन दुकानांतून एकूण नऊ व्हिडिओ-कॅसेटी उचलल्या. त्यांत बरेचसे लहान मुलांचे चित्रपट होते आणि त्यांची किंमत १५३ डॉलर ५४ सेंट होती. तो पूर्वी सैन्यात होता आणि १९७७ पासून हेरॉइनच्या आहारी गेलेला होता. पहिल्या खेपेला सापडला असता कायद्याने त्याला फार तर सहा महिन्यांचा काउंटी तुरुंग मिळाला असता. पण १९८३ मधील त्याच्या घरफोड्या दफ्तरात होत्या. जुन्या शिक्षांनी आधी दोन्ही चोऱ्यांचा वर्ग बदलला, आणि तसा वर्ग बदलल्यावर त्याच माणसाचा तोच भूतकाळ ‘स्ट्राइक’ म्हणून दुसऱ्यांदा मोजला गेला. दोन चोऱ्यांसाठी प्रत्येकी पंचवीस अशी पन्नास वर्षे ते जन्मठेप ही शिक्षा झाली. सुटकेच्या पहिल्या विचाराला पात्र होईपर्यंत तो ८७ वर्षांचा झाला असता. ५ मार्च २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यात हस्तक्षेप नाकारला. १९९९ मध्येच न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी, जीवनसत्त्वांच्या गोळ्यांची बाटली चोरणाऱ्या एका कैद्याच्या प्रकरणात, या रचनेतील विपर्यास दाखवून दिला होता: आरोपीचे जुने गुन्हे चोरीऐवजी खुनाचे असते, तर कलम ६६६ लागूच झाले नसते आणि ती चोरी मिसडिमीनरच राहिली असती.

दरम्यान जुन्या नोंदी किती विश्वासार्ह आहेत, हा प्रश्नही न्यायालयांसमोर येत राहिला. गरीब आरोपीला फेलनीच्या खटल्यात सरकारी खर्चाने वकील देणे १९६३ मध्ये बंधनकारक झाले, आणि वकिलाविना झालेली फेलनीची दोषसिद्धी पुढे शिक्षा वाढवण्यासाठी वापरता येणार नाही, असे १९६७ मध्ये ठरले. मिसडिमीनरच्या बाबतीत मात्र १९९४ च्या ‘निकोल्स’ निर्णयाने वेगळी वाट धरली: प्रत्यक्ष तुरुंगवास न होता फक्त दंड झालेली, वकिलाविना झालेली दोषसिद्धी नव्या शिक्षेत मोजता येते. रस्त्यावरचा एखादा आरोप लवकर मिटावा म्हणून दंड भरून कबुली देणाऱ्या माणसाला, ती कबुली दहा वर्षांनी आपल्याविरुद्ध उभी राहील, हे सांगणारे तेथे कोणीच नसते. २००० मध्ये ‘अप्रेंडी’ खटल्यात, कमाल शिक्षा वाढवणारी प्रत्येक बाब ज्यूरीपुढे सिद्ध झालीच पाहिजे, असे न्यायालयाने बजावले आणि त्याच वाक्यात पूर्वदोषसिद्धीला अपवाद म्हणून वगळले.

कॅलिफोर्नियाची कारागृहे इतकी भरली की २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तेथील कैद्यांची संख्या घटवण्याचा आदेश कायम करावा लागला. सुमारे ऐंशी हजारांसाठी बांधलेल्या इमारतींत एका वेळी त्याच्या दुपटीच्या आसपास माणसे राहत होती. २०१२ मध्ये मतदारांनी तिसरी फेलनीही गंभीर किंवा हिंसकच असली पाहिजे, असे ठरवले, आणि २०१४ मध्ये ९५० डॉलरांपर्यंतची चोरी, काही मोजक्या अत्यंत गंभीर पूर्वदोषसिद्धी वगळता, पुन्हा मिसडिमीनरच्या वर्गात नेली. २०१८ मध्ये पेनसिल्व्हेनियाने काही जुन्या नोंदी ठरावीक काळानंतर आपोआप मोहोरबंद करण्याचा कायदा केला, आणि २०२१ मध्ये व्हर्जिनियाने तिसऱ्या किरकोळ चोरीला फेलनी ठरवणारे आपले कलम काढून टाकले. दुकानांतील चोऱ्यांविषयीच्या तक्रारी वाढल्यावर कॅलिफोर्नियाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा दिशा बदलली: चोरीच्या दोन पूर्वदोषसिद्धी असलेल्याने तिसऱ्यांदा कितीही किमतीची वस्तू चोरली, तरी ती आता फेलनी म्हणून चालवता येते आणि तिला तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. आधीच्या त्या दोन शिक्षा किती वर्षांपूर्वीच्या असाव्यात, याला नव्या कलमाने मर्यादा घातलेली नाही.